आईचं चर्च वेगळं आहे, मग ती ख्रिस्ती नाही का?

वाचक भगिनीचं पत्र, थोडं आटोपतं करून:

"मी रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. मुलं पहिल्या कम्युनियनची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत ख्रिस्तशरीर पहिल्यांदा घेण्याची, तयारी करताहेत. मध्यंतरी सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या जर्मन धर्मगुरू मार्टिन लूथरचा विषय निघाला तेव्हा मी सांगितलं की, त्याने ख्रिस्तसभा फोडली, त्याच्यामागे गेलेले सगळे पाखंडी, खरे ख्रिस्ती आपणच. एका मुलीने विचारलं, 'म्हणजे माझी मम्मी ख्रिस्ती नाही?' तिचे वडील कॅथलिक, आई लुथरन. मी म्हटलं, 'तिच्यासाठी प्रार्थना कर.' पुढच्या रविवारी आई भेटायला आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, 'हिला रात्रीची प्रार्थना मीच शिकवली. आता ती माझ्याबरोबर प्रार्थनेला बसत नाही.' मला काही सुचेना. मी जे सांगितलं ते मला माझ्या शिक्षिकेने शिकवलेलं होतं. त्यात चुकलं काय? आणि सगळेच बरोबर असतील तर आपण कॅथलिक कशासाठी? शिवाय त्या आईने विचारलंय की मुलीच्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी तिलाही कम्युनियन घेता येईल का. मी काय सांगू?"

ताई,

तुमचे तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण एक मूल आईशेजारी प्रार्थनेला बसायचं थांबलंय, ते आधी. येत्या रविवारी वर्ग सुरू झाल्या झाल्या बोला. मुलांसमोर सांगितलेलं मुलांसमोरच दुरुस्त करायला हवं. आईला बाजूला घेऊन माफी मागितली तरी मुलीच्या मनातलं जाणार नाही. त्या मुलीकडे न पाहता, तिचं नाव न घेता, सगळ्यांना सांगा: "त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने ज्यांचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, झालाय ते सगळे ख्रिस्ती आहेत. आपली ख्रिस्तसभाच तसं शिकवते. ज्यांच्या घरी दुसऱ्या चर्चचं कुणी आहे, त्यांनी त्यांच्याबरोबर जरूर प्रार्थना करावी." एवढं पुरे. लांबवू नका, नाहीतर सगळी मुलं तिच्याकडे बघायला लागतील.

आता चुकलं काय ते. तुम्हाला कदाचित वाटत असेल की तुम्ही खरं पण कडू बोललात आणि आता ते गोड करून सांगायचंय. तसं नाही. तुम्ही जे सांगितलंत ते कॅथलिक शिकवणीनुसारच खोटं आहे. आणि ही शिकवण आजकालची नाही. तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन म्हणत होते की, फुटून गेलेल्यांनी दिलेला स्नानसंस्कार पोकळ आहे, त्यांच्याकडून आलेल्यांना तो पुन्हा द्या. रोमचे बिशप, म्हणजे पोप स्टीफन पहिले, यांनी ते मानलं नाही. परत येणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला आत घ्या, स्नानसंस्कार पुन्हा देऊ नका, ही रोमची रीत होती, आणि पुढे तीच टिकली. नंतरच्या काळातले थोर धर्मपंडित, बिशप ऑगस्टीन यांनी त्यामागचा विचार नीट मांडला: संस्कार देणारा माणूस कुठल्या गटाचा आहे यावर संस्कार ठरत नाही, कारण त्यात काम करतो तो ख्रिस्त.

त्याहून मोठी गोष्ट १५४७ सालची. लूथरवरून युरोपभर रण माजलं होतं आणि ट्रेंटची महासभा, म्हणजे कॅथलिक बिशपांची मोठी सभा, प्रोटेस्टंट मतांवर एकामागून एक निषेधाचे ठराव करत होती. त्याच महासभेने, त्याच वर्षी, असंही ठरवलं की पाखंड्यांनीसुद्धा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने, ख्रिस्तसभा जे करते तेच करण्याच्या हेतूने स्नानसंस्कार दिला तर तो खरा आहे. इतक्या तापलेल्या काळातही ख्रिस्तसभेने 'ते ख्रिस्तीच नाहीत' असं म्हटलं नाही. उद्या ती आई कॅथलिक झालीच, तर धर्मगुरू तिचा स्नानसंस्कार पुन्हा करणार नाहीत. नीट झालेला संस्कार पुन्हा करायला चर्चच्या कायद्यात मनाई आहे. मुलांना हे उदाहरण लगेच कळेल.

'पाखंडी' हा शब्दही इथे बसत नाही. चर्चच्या कायद्यात त्याचा अर्थ ठरलेला आहे: स्नानसंस्कारानंतर, श्रद्धेचं एखादं सत्य समजूनउमजून, हट्टाने नाकारणारा. लुथरन घरात जन्मलेल्या, आईवडिलांकडून मिळालेली श्रद्धा मनापासून जपणाऱ्या बाईला तो कसा लावणार? ऑगस्टीन यांनी एका पत्रात हे स्पष्ट लिहिलं आहे की, चुकीचं मत ज्यांनी स्वतः काढलेलं नाही, वाडवडिलांकडून घेतलंय, जे त्याचा हटवादीपणे कैवार घेत नाहीत आणि सत्य शोधायला तयार आहेत, त्यांना पाखंड्यांत मोजू नये. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्ती ऐक्यावर दस्तऐवज काढला, त्यातही हेच आहे. आज त्या समाजांत जन्मणाऱ्यांवर फुटीच्या पापाचा आरोप करता येत नाही. ते आपले भाऊबहीण आहेत, आणि आपली त्यांच्याशी सहभागिता अपूर्ण असली तरी खरी आहे. विभक्त झालेल्या बांधवांची स्थिती सत्याला आणि न्यायाला धरून न सांगणारी भाषा टाळा, असंही तो दस्तऐवज बजावतो.

तुमच्या शिक्षिकेला दोष देऊ नका. त्या ज्या वातावरणात शिकल्या ते वेगळं होतं. १९१७ च्या चर्चच्या कायद्यानुसार कॅथलिकांनी इतरांच्या उपासनेत भाग घेणं निषिद्ध होतं; लग्न किंवा अंत्यविधीला नुसतं हजर राहायलासुद्धा सबळ कारण लागे. १९२८ साली पोप पायस अकरावे यांनी ऐक्याच्या परिषदांपासून कॅथलिकांना लांब राहायला सांगितलं होतं. शुभ शुक्रवारच्या उपासनेत 'पाखंडी आणि फुटीर' यांच्यासाठी म्हणून प्रार्थना व्हायची. आज त्या जागी ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना होते. त्या पिढीच्या कानावर जी भाषा पडली तीच त्यांनी पुढे दिली. ती भाषा बदललेली आहे हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं, तुम्हालाही सांगायला हवं होतं.

'लूथरने ख्रिस्तसभा फोडली' हे वाक्यही अर्धंच आहे. लूथरने पोपना ख्रिस्तविरोधक म्हटलं, त्याची भाषा जहाल होती, हे खरं. पण १५२३ साली जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गच्या राजसभेत पोप एड्रियन सहावे यांचं निवेदन त्यांच्याच प्रतिनिधीने वाचून दाखवलं आणि त्यात रोमच्या दरबारापासूनच अनाचार खाली पसरला अशी कबुली होती. तीही लूथर हयात असताना, भांडण पेटलेलं असताना. १९६४ च्या दस्तऐवजातही फुटीचा दोष दोन्हीकडच्या माणसांचा होता असं म्हटलं आहे. मुलांना लूथरबद्दल सांगायचं असेल तर एड्रियन यांचीही गोष्ट सांगा. पोपनी चूक कबूल केली म्हणून मुलांची श्रद्धा डळमळणार नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मला तुमच्या पत्रातला हाच सगळ्यात प्रामाणिक वाटला. 'सगळेच बरोबर असतील तर आपण कॅथलिक कशासाठी?' सगळेच बरोबर आहेत असं ख्रिस्तसभा म्हणतच नाही. फरक पुसून टाकणारी खोटी सलोख्याची भाषा ऐक्याला जितकी मारक तितकं दुसरं काही नाही, असा इशारा १९६४ च्या त्याच दस्तऐवजात आहे. ख्रिस्ताने स्थापलेली ख्रिस्तसभा पेत्राचे वारस, म्हणजे पोप, आणि त्यांच्याशी एकरूप असलेले बिशप चालवतात त्या कॅथलिक ख्रिस्तसभेत टिकून आहे, तारणाच्या साधनांची पूर्णता तिथे आहे, असा आपला विश्वास आहे, आणि तो लपवायचं काही कारण नाही. तिच्या बाहेरही पवित्रतेचे आणि सत्याचे पुष्कळ घटक आहेत, हेही त्याच श्वासात सांगितलेलं आहे. बायबल, स्नानसंस्कार, प्रार्थना, पवित्र आत्म्याची दानं, ख्रिस्तासाठी प्राण देण्याची तयारी, हे सगळं तिकडेही आहे.

एक बाजू सोडली की माणूस कुठे जातो याचं उदाहरण आहे. अमेरिकेत बॉस्टनमध्ये लिओनार्ड फीनी नावाचे धर्मगुरू होते. 'ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही' या जुन्या वचनाचा अर्थ ते असा लावत की, जो दृश्य रूपात कॅथलिक नाही तो गेलाच. १९४९ साली रोमने पत्र पाठवून हा अर्थ चुकीचा ठरवला, आणि बोलावूनही ते आले नाहीत तेव्हा १९५३ साली त्यांना बहिष्कृत केलं. म्हणजे बाकीच्या सगळ्यांना बाहेर काढता काढता ते स्वतःच बाहेर पडले. आणि हे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेच्या आधीचं आहे, हे विसरू नका. आपली जबाबदारी मात्र महासभेने कमी केलेली नाही: कॅथलिक ख्रिस्तसभा ख्रिस्ताने आवश्यक म्हणून स्थापली हे ज्याला कळलंय आणि तरीही जो तिच्यात यायचं किंवा राहायचं नाकारतो त्याचं तारण होऊ शकत नाही, असं ती म्हणते. हा इशारा ज्याला कळलंय त्याला आहे. दुसऱ्याला काय कळलंय याचा निवाडा करण्याचं काम तिने तुमच्याआमच्याकडे दिलेलं नाही.

मग फरक सांगायचे कसे? माझी एकच कसोटी असते. त्यांच्याबद्दल मी जे वाक्य बोलेन ते त्यांच्यातला जाणता माणूस शेजारी बसून ऐकत असेल तर 'हो, आम्ही असंच मानतो' असं म्हणेल का? आपल्याकडची कितीतरी ठरावीक वाक्यं या कसोटीवर नापास होतात.

'त्यांच्याकडे नुसती भाकर असते' हे वाक्य घ्या. १५२९ साली मारबर्गला लूथर आणि स्वित्झर्लंडमधला प्रोटेस्टंट सुधारक झ्विंगली समोरासमोर बसले होते. झ्विंगलीचं म्हणणं, भाकर हे चिन्ह आहे. लूथरने खडूने टेबलावरच लॅटिनमध्ये लिहिलं: 'हे माझं शरीर आहे.' आणि तो त्या शब्दांवरून हलला नाही. दोघांची बोलणी त्याच मुद्द्यावर फिसकटली. प्रभूचं शरीर आणि रक्त खरोखर तिथे आहे असं लुथरन आजही मानतात. मग कॅथलिक ख्रिस्तसभेचं म्हणणं काय? प्रेषितांपासून बिशपांच्या हस्तस्पर्शाने चालत आलेला गुरुदीक्षेचा, म्हणजे धर्मगुरू नेमण्याचा, संस्कार त्यांच्याकडे राहिला नाही, म्हणून ख्रिस्तशरीराच्या रहस्याचं मूळ, संपूर्ण सत्त्वही त्यांच्याकडे टिकलं नाही. हा मतभेद गंभीर आहे. पण तो 'नुसती भाकर'पेक्षा फार वेगळा आहे, आणि समोरच्याची श्रद्धा न तुडवता सांगता येतो.

मारियेबद्दलही तसंच. 'ते मारियेला मानत नाहीत' असं सरसकट म्हणणं चूक. लूथर शेवटपर्यंत तिला देवमाता म्हणत आला. कुमारी मारियेपासून येशू जन्मला हे त्यांच्याही विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या ठरलेल्या घोषणेत, आहे. ते तिची मध्यस्थी मागत नाहीत, आपण मागतो. फरक इथे आहे, मग तो इथेच दाखवा. 'कर्मं केली नाहीत तरी चालतं असं ते म्हणतात' हेही सोडून द्या. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो ख्रिस्तावरच्या श्रद्धेने, देवाच्या कृपेने, स्वतःच्या पुण्याईने नव्हे, आणि त्या कृपेमुळेच सत्कर्मं करायची ताकद येते, हे कॅथलिक आणि लुथरन दोघांनी मिळून ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गला सही करून सांगितलं आहे. ज्या वादावरून सारं पेटलं त्याच्या गाभ्यावर ही सहमती आहे. पुढे २००६ साली मेथडिस्टांनीही ती स्वीकारली. धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट कुणी सांगतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणखी एक: 'इतर ख्रिस्ती' असा एकच ढीग करू नका. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे सातही संस्कार खरे, त्यांचे बिशप खरे, त्यांची मिस्सा, म्हणजे कम्युनियनची उपासना, खरी असं आपण मानतो. फूट आहे ती मुख्यतः पोपपदावरून. १०५४ साली एकमेकांवर घातलेले बहिष्कार पोप पॉल सहावे आणि ऑर्थोडॉक्सांचे इस्तंबूलमधले प्रमुख, पॅट्रिआर्क अथेनागोरस यांनी ७ डिसेंबर १९६५ रोजी एकाच दिवशी रोम आणि इस्तंबूल इथे मागे घेतले. अँग्लिकन, लुथरन, बाप्टिस्ट, पेंटेकोस्टल यांच्यातही आपापसांत मोठी अंतरं आहेत. आणि यहोवाचे साक्षीदार किंवा मॉर्मन यांचा स्नानसंस्कार कॅथलिक ख्रिस्तसभा मानत नाही, कारण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्याविषयीची श्रद्धाच तिथे वेगळी आहे. तेही स्पष्ट सांगायला हरकत नाही, त्यांच्या माणसांचा अवमान न करता.

आपल्याला मूर्तिपूजक म्हणणारे, जपमाळेची टिंगल करणारे पलीकडेही आहेत. वर्गातलं एखादं मूल हे ऐकून येईल आणि चिडून विचारेल. आपण मूर्तीची पूजा करत नाही, संतांकडे फक्त प्रार्थनेची विनंती करतो, हे त्याला नीट समजावून द्या. तेवढ्या उत्तरावर ते मूल उभं राहू शकतं. त्याला परतफेडीसाठी एखादी शिवी शिकवायची गरज नाही.

वर्गासाठी एक गोष्ट सुचवते, मुलं ती विसरत नाहीत. १८८५ ते १८८७ या काळात युगांडात राजा म्वांगाने आपल्या दरबारातल्या ख्रिस्ती तरुणांना ठार केलं. ३ जून १८८६ रोजी नामुगोंगो इथे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना जिवंत जाळलं. त्यात चार्ल्स लवांगा आणि त्यांचे कॅथलिक सोबती होते, तसेच अँग्लिकनही होते. तू कुठल्या चर्चचा, असं विचारून राजाने कुणाला वेगळं काढलं नाही. १८ ऑक्टोबर १९६४ रोजी पॉल सहावे यांनी २२ कॅथलिक रक्तसाक्ष्यांना, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्यांना, संत घोषित केलं, आणि त्याच प्रवचनात ख्रिस्ताच्या नावासाठी मेलेल्या अँग्लिकनांचाही आदराने उल्लेख केला. अगदी अलीकडे, २०२३ साली, लिबियात २०१५ मध्ये मारल्या गेलेल्या २१ जणांची नावं पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या रक्तसाक्ष्यांच्या यादीत घेतली. ते कॉप्टिक ऑर्थोडॉक्स चर्चचे रक्तसाक्षी.

राहिला त्या आईचा प्रश्न. इथे मात्र उत्तर 'नाही' असंच येईल, आणि ते गुळमुळीत करू नका. कॅथलिक धर्मगुरू प्रोटेस्टंट व्यक्तीला कम्युनियन देऊ शकतात ते मरणाच्या धोक्यात, किंवा बिशप ठरवतील अशा गंभीर गरजेत. तेही त्या व्यक्तीला स्वतःच्या पाळकाकडे जाता येत नसेल, तिने आपणहून मागितलं असेल, या संस्काराविषयी कॅथलिक श्रद्धा तिने व्यक्त केली असेल आणि तिच्या मनाची तशी तयारी असेल तर. मुलीचं पहिलं कम्युनियन कितीही आनंदाचं असलं तरी त्यात सहसा बसत नाही. कम्युनियन घेणं म्हणजे या ख्रिस्तसभेशी मी पूर्ण एक आहे असं सांगणं, आणि ती एकता अजून झालेली नाही.

हे तिला खुपेल. खुपू द्या, त्यावर पांघरूण घालू नका. १५ नोव्हेंबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस रोममधल्या लुथरन चर्चमध्ये गेले होते. तिथे कॅथलिक नवरा असलेल्या एका लुथरन बाईने त्यांना हेच विचारलं: आम्ही दोघं एकत्र कम्युनियन कधी घेणार? पोप बराच वेळ बोलले. हा प्रश्न आपल्याला सोपा नाही, परवानगी देणं आपल्या हातात नाही, असं म्हणाले, आणि प्रभूशी बोला आणि पुढे चला, याहून जास्त बोलायला आपण धजत नाही, असं सांगून थांबले. त्यामुळे नियम बदलला नाही. पण ज्या प्रश्नापुढे पोप अडखळले तो तुमच्यासाठी सोपा असेल अशी अपेक्षा कुणीच करणार नाही, ती आई तर नाहीच.

तेव्हा तिला आत्ताच भेटा, त्या दिवसाची वाट पाहू नका. ऐन रांगेत, मुलीसमोर, धर्मगुरूंना नाही म्हणावं लागलं तर सगळ्यांनाच ते जन्मभर लागून राहील. आधी तुमच्या फादरांशी बोला आणि नियम त्यांनाच सांगू द्या. तुम्ही सोबत बसा. नियमाच्या आधी मात्र तुमचं स्वतःचं बोलून घ्या. कॅथलिक जोडीदाराने मुलं कॅथलिक वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करीन असं वचन दिलेलं असतं. दुसऱ्या जोडीदाराला त्याची फक्त कल्पना दिलेली असते, त्याच्याकडून वचन घेत नाहीत. म्हणजे मुलीला आपल्या वर्गाला पाठवण्याचं बंधन तिच्यावर नव्हतं. तरी ती पाठवते, प्रार्थनाही शिकवते. त्याबद्दल तिचे आभार माना, आणि मुलीला काय सांगितलंत, ते का चुकीचं होतं, आणि रविवारी वर्गात काय सांगणार आहात, तेही तिच्या कानावर घाला.

मग तो दिवस ठरवा. आईने मुलीच्या शेजारी, पहिल्या रांगेत बसावं. गाणी, वाचनं, 'हे आमच्या स्वर्गातील बापा', सगळ्यात ती भाग घेऊ शकते. काही ठिकाणी कम्युनियन न घेणारे रांगेत येऊन छातीवर हात दुमडून उभे राहतात आणि धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात. तुमच्याकडे ती पद्धत आहे का ते फादरांना विचारा आणि तिला आवडेल का ते तिला विचारा. आदल्या रात्रीची प्रार्थना मुलीने आईबरोबरच म्हणावी, असं वर्गात सगळ्याच मुलांना सांगून ठेवा.